मयत खाल्लेला कॅमेरा

मी नशिराबादची. हायवेच्या कडेले आमचं घर, वडील जिनिंगवर कामाले, अन् मी त्या कापसात वाढलेली, केसाले कायम रुई चिकटलेली, शाळेतल्या बाई म्हनायच्या सुमन, आज बी म्हातारी होऊनच आली का ग तू. आता खरंच म्हातारी झाले तर म्हननारं कोनी राहिलं नाही. तुम्ही कॅमेऱ्याचं इचारायले आले ते मले ठाऊक आहे, तो तिथं कोनाड्यात आहे, बसल्या जागेवरून बघा, हात नका लावू. तुमच्या अगोदर बी दोघंतिघं येऊन गेले, अक्का, जुन्या कॅमेऱ्याले आता शोभेसाठी गिऱ्हाईक असतं म्हने, देता का. मी आपली पहिल्यापासून सांगते, मधूनच सांगायले गेलं की मान्सं म्हनतात बाईचं डोकं फिरलं.

लगन करून सावद्याले आले. सावद्याले चहुकडे केळी, ट्रका भरून केळी, अन् बागेले बारा महिने पानी, म्हनून हवा कायम ओली, घरात मीठ पाझरायचं. सासऱ्यांची केळीची बाग, खाऊनपिऊन सुखी घर, पन आमचे हे, गावात सगळे त्यायले नाना म्हनायचे, यांचं पाऊल काही बागेत पडेना. जळगावले मामाकडे शिकायले ठेवलं तर हे एका फोटोवाल्याच्या दुकानात जाऊन बसायचे, अन् तिथूनच ते येड घेऊन आले. सासरे म्हनायचे, केळीचं खोड सोडून पोरगा काचेच्या मागं लागला. पन हात चांगला होता त्यांचा, मी उगीच कौतुक करत नाही, मले त्यांच्यावर राग बी भरपूर आहे, तो पुढं येईल. बाजाराच्या गल्लीत लहानसं दुकान टाकलं, मागं अंधारी खोली केली, अन् नाना मले तिथं घेऊन गेले तर सासूबाई म्हने, दिवसाढवळ्या नवरा-बायको दार लावून काय करतात ग. काय करनार, रोल धूत होतो.

मले त्यांनी टचिंग शिकवलं. म्हंजे काय, की फोटोची जी काच असते, काच कसली, फिलिम, निगेटिव्ह, त्याच्यावर सगळं उलटं असतं, गोरं ते काळं, काळं ते गोरं. नवरीच्या गालावर देवीचे वन असले की मी टोकदार पेन्सिलीनं फिलिमवर तिथं बारीक बारीक ठिपके द्यायचे, फोटोत ते उजळ येतं, वन जातात. अन् काळं पाहिजे असलं, म्हंजे मिशी फिकी आली, कपाळावरचं कुंकू नीट उमटलं नाही, तर ब्लेडच्या टोकानं तेवढं हलकं खरवडायचं. हात जड पडला तर फिलिमीले भोक. या तालुक्यात किती नवरदेवांच्या मिश्या माझ्या ब्लेडनं आल्या ते त्यांच्या बायकांनाच ठाऊक नाही. मले ते काम भारी आवडायचं, खरं सांगते. खिडकीत बसायचं, तोंडावर ऊन घ्यायचं अन् एकेका बाईले देखणी करायचं.

आता कॅमेऱ्याचं. नानांकडे दोन होते, दोन्ही जळगावहून जुनेच घेतलेले, दोन्ही एकाच कंपनीचे, जुळ्या भावांसारखे. पुढून दोन भिंगं, एकाखाली एक, अन् छातीशी धरून वरून खाली बघायचं. दोन कशाले, तर आमच्याकडे रीत आहे. आता कमी झाली, पन तेव्हा होती. घरातलं मोठं मानूस गेलं की उचलायच्या अगोदर त्याले आंघोळ घालून, टोपी घालून, खुर्चीत नाहीतर भिंतीशी टेकवून बसवायचं, सगळं घर त्याच्या आजूबाजूले उभं राहायचं अन् फोटोवाल्याले बोलवायचं. कितीक मान्सांचा जन्मातला पहिला फोटो तोच. पन ज्या कॅमेऱ्यानं मयताचा फोटो काढला, त्या कॅमेऱ्यानं नवरी काढायची नाही. हळदीच्या अंगावर तो डोळा पडू द्यायचा नाही. बायका मांडवात इचारायच्या, नाना, हा कोनता, अन् नाना पट्टा वर करून दाखवायचे. लगनाच्या कॅमेऱ्याले मी हिरव्या लोकरीचा पट्टा इनला होता. मयताच्या कॅमेऱ्याले काळी चामडी पट्टी. तो घरात बी यायचा नाही, बाहेर ओट्यावरच्या कोनाड्यात कापडात बांधून ठेवलेला असायचा, वर पत्र्याचं झाकन, अन् नाना मयतावरून आले की तो तिथं ठेवून मग मोरीत शिरायचे. मी त्याले कधी बोट लावलं नाही.

अन् जुना कॅमेरा इकायचा झाला की याच्यावरूनच त्याची किंमत ठरायची. जळगावले एक दलाल होते, जुने कॅमेरे घ्यायचे इकायचे, सगळे त्यायले काका म्हनायचे. ते भिंग उजेडाकडे धरून बघायचे, बटन दाबून कानाशी आवाज ऐकायचे, अंगावरचं चामडं कुठं सुटलं ते बघायचे, अन् हे सगळं झालं की शेवटाले इचारायचे, यानं मयत खाल्लं का. मयत खाल्लेला कॅमेरा म्हने त्याले. असला कॅमेरा कितीही चांगला असू द्या, त्याले लगनाचा फोटोवाला घेत नव्हता, पडून राहायचा. आता खाल्लं का नाही हे कॅमेऱ्याच्या तोंडावर थोडंच दिसतं. म्हनून रीत अशी की इकनाऱ्याच्या घरच्या सवाष्णीनं त्या कॅमेऱ्याले आपल्या हातानं हळद-कुंकू लावून घेनाऱ्याच्या हातात द्यायचा. तिनं लावलं म्हंजे हा लगनाचा. कागद नाही, सही नाही, बाईचं कुंकू. अन् बाई आपल्या सौभाग्यावर खोटं कशाले लावेल, असा त्यामागचा इचार.

मग व्हिडिओ आला. अगोदर जळगावले, मग भुसावळले, अन् दोन लगनसराया गेल्या नाही तर आमच्या सावद्यात बी नवरीचा बाप इचारू लागला, नाना, शूटिंग आहे का. खांद्यावर तोफेसारखा कॅमेरा, मागं एकजन दिवा धरून, अन् वऱ्हाड त्या उजेडात तोंड घालायले पुढं पुढं. नाना घरी यायचे अन् ताट पुढं घेऊन नुसते बसायचे. म्हने, सुमन, हे असंच चाललं तर मी पुन्हा केळी कापायले जाईन. मग ठरवलं, लगनाचा कॅमेरा इकायचा, बागेतला आपल्या वाट्याचा पैसा घालायचा, अन् व्हिडिओचा सेट आनायचा. मयताचा ठेवायचा, मयताले कोनी व्हिडिओ करत नाही. मी म्हटलं बरं.

पन एक होतं. सावद्याच्या ओल्या हवेनं लगनाच्या कॅमेऱ्याच्या भिंगाले बुरशी धरली होती. आतून, पुसता येत नाही अशी. त्यानं फोटोत धूर यायचा, चेहऱ्याभोवती चुलीच्या धुरासारखं पांढुरकं, अन् तो धूर मी दोन वर्षांपासून एकेका नवरीच्या तोंडावरून ब्लेडनं हटवत होते, माझे डोळे गेले त्याच्यात. मयताचा मात्र बाहेर वाऱ्यावर राहिलेला, अन् वापर बी कमी, त्याचं भिंग लख्ख. नाना ते कधी बोलले नाहीत, अन् माझ्या बी डोक्यात तेव्हा आलं नाही.

घेनारा धुळ्याहून आला. विलास नाव, नवाच धंद्यात उतरलेला, लगन नुकतं झालेलं, बोलनं अहिरानी, गोड. काकांनीच पाठवला. ओसरीवर बसला, हिरव्या पट्ट्याचा कॅमेरा मांडीवर घेतला, उजेडाकडे धरून भिंग बघितलं, आवाज ऐकला, अन् म्हने, नाना, माल तं एक नंबर शे. मले जरा नवल वाटलं, म्हटलं याले बुरशी दिसली नाही का काय, पन गिऱ्हाईकापुढं नवऱ्याचा माल कशाले नावं ठेवायची, नाना बोलत असतील नंतर, असं धरून मी गप्प राहिले. नाना म्हने, सुमन, कुंकू आन. मी करंडा आनला, दोन्ही भिंगांच्या मधोमध हळद लावली, कुंकू लावलं, अन् त्याच्या ओंजळीत दिला. तो वाकून पाया पडला. म्हने, अक्का, हाऊ कॅमेरा नै, तुमना आशीर्वाद शे. मी म्हटलं, पोटापान्याले लागो. नाना तेव्हा दाराकडे बघत होते, ते मले आता दिसतं.

पुढं बागेतल्या एका घरची म्हातारी गेली, नानांले बोलावनं आलं, गेले, फोटो काढला, अन् ती फिलिम माझ्याकडे टचिंगले आली. मी खिडकीत बसले, फिलिम उजेडाले धरली, अन् माझ्या हातातली पेन्सिल तिथंच राहिली. म्हातारीच्या तोंडाभोवती धूर. तोच धूर. दोन वर्षं ज्याच्याशी भांडले त्याले मी वळखनार नाही का. मी उठून ओट्यावर गेले, कापड सोडलं, काळ्या पट्टीचा तो कॅमेरा जन्मात पहिल्यांदा हातात घेतला अन् उजेडाकडे धरला. आत बुरशीचं जाळं. हा आमचा लगनाचा. नानांनी पट्टे बदलले होते. हिरवा पट्टा मयताच्या कॅमेऱ्याले घातला, अन् त्याच्यावर माझं कुंकू लावून घेतलं.

नाना आले. मी इचारलं. म्हने, बुरशी लागलेला कोन घेतं ग, अन् कॅमेऱ्याले काय कळतं, लोखंड अन् काच. मी म्हटलं, लोखंड अन् काच होतं तर मले कुंकू कशाले आनायले लावलं, तसाच द्यायचा होता. म्हटलं, जा, धुळ्याले जा, त्याले सांगा, पैसे परत करा. तर व्हिडिओचा सेट तोवर घरात आलेला. म्हने, आता सांगतलं तर खानदेशात मले कोनी दारात उभं करनार नाही. मी पंधरा-ईस दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, सरकवायचे. मग बोलू लागले, घर आहे, बोलावं लागतं. पन तेव्हापासून मी सकाळी कपाळाले कुंकू लावायले बसले की हात जरा थांबायचा. वाटायचं, हे खोट्याले लावलंय मी. आता तो कॅमेरा हे माझं किती दिवस राहू देईल.

त्यात आमचं पोटी एकच लेकरू. मंगला. नाकीडोळी नीटस, बारावी झालेली, जरा तोंडाळ, माझ्यावर गेलेली. तिच्यासाठी ठिकानं बघत होतो अन् एक दिवस विलास दारात. आंब्याची पेटी घेऊन. धंदा जोरात चाललेला त्याचा, धुळ्यात घरोघर त्यानंच काढलेले लगनाचे फोटो, म्हने, नाना, तुमचा कॅमेरा लई भाग्याचा शे. अन् म्हने, माझ्या वळखीत एक चांगलं घर आहे, मुलगा शिकलेला, सरकारी नोकरीत, मंगलाताईसाठी. घर खरंच चांगलं निघालं. मुलगा बी चांगला, आज बी माझा जावई माझ्याशी लेकासारखा आहे. पन ठरल्यावर विलास काय म्हने, लगनाचे फोटो मी काढनार, एक पैसा घेनार नाही, अन् काढनार ते नानांच्याच कॅमेऱ्यानं. सगळे वा वा म्हने. जावयाचे वडील म्हने, याले म्हनतात मान्सं. नाना हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन पाठ फिरवून उभी राहिले, कारन माझं तोंड कोनी बघितलं असतं तर इचारलं असतं.

काय सांगू तुम्हाले, त्या दोन महिन्यांत मी पापड लाटले, साड्या घेतल्या, बस्ता बांधला, अन् सगळा येळ नानांच्या मागं लागले. नानांले म्हटलं, विलासले सांगा दुसरा कॅमेरा आन. नाना म्हने, काय कारन सांगू. म्हटलं, तुम्हीच व्हिडिओ घ्या, फोटो नकोच. म्हने, व्याही काय म्हनतील. प्रत्येक गोष्टीले त्यांच्याजवळ उत्तर होतं, नुसतं माझ्याकडे बघून देत नव्हते. मंगलाच्या हळदीले मी तिच्या गालाले हळद लावत होते अन् मनात एकच, ह्या गालावर तो डोळा पडनार. कितीक मयतं बघून घट्ट झालेला डोळा. पोरगी म्हने, आई, तुले रडू येतंय का, मी काय कायमची चालले. मी म्हटलं, हळद डोळ्यात गेली.

लगन सावद्यालेच, शाळेच्या पटांगनात मांडव. धुळ्याहून वऱ्हाड आलं, विलास आला, नवा सफारी घातलेला, छातीवर हिरव्या पट्ट्याचा कॅमेरा. माझा पट्टा, माझ्या हातची लोकर. येईल त्याले सांगे, हाऊ नानांचा, अक्कांनी कुंकू लाईसन देल शे, म्हंजे मी कुंकू लावून दिलेला. हळदीत, देवकात त्यानं अजून रोल भरला नव्हता, म्हने पहिला फोटो माळ घालतानाचा घेईन, नानांच्या लेकीचा. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता मुठीत धरून उभी, अन् विलास समोर जाऊन एका गुडघ्यावर बसला, कॅमेऱ्यात मान घातली. नाना मामांच्या शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. शेवटचं कडवं चाललं अन् नाना चालत गेले, विलासच्या पुढं वाकले, अन् दोन्ही भिंगांवर हाताचा पंजा ठेवला.

विलासले वाटलं नाना मस्करी करतात. हसला. नाना म्हने, यानं नको काढू, पोरा. हा मयत खाल्लेला आहे. मी तुले फसवलं.

त्यांनी हळूच सांगतलं असेल, मले ठाऊक नाही, पन नेमकी मंगलाष्टकं थांबलेली, त्यामुळं ते साऱ्या मांडवाले ऐकू गेलं. भटजी तसेच उभे, अंतरपाट तसाच. जावयाचे आजोबा होते, म्हातारे पन पक्के, ते म्हने, मुहूर्त टळू देऊ नका, माळा घाला, बाकीचं मागून बघू. माळा घातल्या. वाजंत्री वाजली. अक्षता पडल्या. मंगलाच्या लगनाचा एक बी फोटो नाही, म्हंजे तिचं काही वाईट झालं नाही, दोन लेकरं आहेत, सुखाचा संसार आहे. पन ते मले तेव्हा कुठं ठाऊक.

अन् माझ्या पोरीवरची बला टळली म्हनून मी श्वास सोडला न सोडला, तर मांडवाच्या मागच्या बाजूनं एक पोरगी उठून माझ्याकडे आली. जावयाची चुलत बहीन, ज्योती. पांढऱ्यात बारीक निळ्या फुलांची साडी, कपाळ मोकळं. अशा बाया लगनात मागंच बसतात, तुम्हाले ठाऊक आहे. हिचं लगन होऊन वरीस झालं नव्हतं तर मोटारसायकलीवर घरी येताना नवऱ्याले टँकर लागला. लगनाचे फोटो विलासनं काढलेले. ती माझ्यापुढं उभी राहिली, आवाज बी चढवला नाही, रडली बी नाही. म्हने, अक्का, याले कुंकू तुम्हीच लावलं व्हतं ना.

मले ठाऊक नव्हतं, हे खरं होतं, ते माझ्या तोंडाशी आलं होतं. पन त्या पोरीच्या कपाळाकडे बघून ते मले म्हनवलं नाही. मी हो म्हटलं. ती परत जाऊन आपल्या जागेवर बसली.

विलासनं कॅमेरा गळ्यातून काढला, नानांच्या पायाशी ठेवला अन् न जेवता गेला. धुळ्यात त्याच्या दुकानात मान्सं अल्बम फेकून गेली म्हने. कोनाचं लेकरू दगावलेलं, कोनाची सासू गेलेली, कोनाचं नुसतं पटत नव्हतं, सगळ्यांना कारन सापडलं. पोरगा सुरतेले निघून गेला, कापडाच्या गिरनीत. तो नानांले शिव्या देऊन गेला असता तर बरं झालं असतं, असं नाना पुष्कळदा म्हने.

आमचं बी मग काय राहिलं. दुकानात कोनी येईना. लगनाची बोलावनी बंद. बुरशीचा कॅमेरा भंगारात दिला. व्हिडिओचा सेट इकायले काढला तर त्याच्यापेक्षा हलके, लहान, नवे आलेले, हा इकून आता नुसती नव्याची बॅटरी येईल म्हने लोक. अन् तो कॅमेरा घेऊन नाना जळगावले काकांकडे गेले, म्हने, फुकट घ्या, फक्त माझ्या घरातून न्या. काकांनी काउंटरच्या काचेवर बी ठेवू दिला नाही. म्हने, नाना, पिशवीतून बाहेर काढू नका, माझं बी लेकराबाळांचं घर आहे. आले परत, तसेच, एस्टीनं, मांडीवर पिशवी घेऊन. भिंग अजून लख्ख होतं, आवाज सुईसारखा, काही म्हंजे काही दोष नाही, अन् किंमत शून्य. नाना रोज तो पुसायचे. मी म्हनायचे, काय पुसता त्याले. म्हने, याच्यात याचा काय गुन्हा आहे.

गेल्या चैतात नाना गेले. दुपारी जेवले, ओट्यावर खुर्चीत बसले, मी आत भांडी लावत होते, हाक मारली तर ओ नाही. दवाखान्याच्या डॉक्टरानं हार्ट म्हनून सांगतलं. माझ्या मनात काय आलं ते मी तुम्हालेच सांगते, मंगलाले बी सांगतलं नाही. आलं की घेतलं या कॅमेऱ्यानं. मी लावलेलं खोटं कुंकू यानं वसूल केलं. अन् त्या पाठोपाठ वाटलं की बरं झालं, माझ्या लेकीवर गेलं नाही. नवऱ्याचं मयत पुढ्यात अन् बाईच्या मनात असं येतं, मानूस असंच असतं का हो.

जन्मभर जगाचे फोटो काढनारा मानूस, पन नानांचा एकट्याचा असा फोटो घरात नव्हता. भाऊबंद म्हने, फोटोवाल्याले बोलवा. रावेरचा, यावलचा, कोनी यायले तयार होईना, एकानं तर निरोप धाडला की नानांच्या मयताचा फोटो काढून माझा कॅमेरा मले पुन्हा इकता येनार नाही. मी उठले. कोनाड्यातून तो काढला. घरात शेवटचा एक काळा-पांढरा रोल राहिला होता, मी भरला. बाया म्हने, अक्का, बाईमानसानं, अन् ह्या येळेले. मी म्हटलं, व्हा बाजूले, उजेड अडवता. नानांले खुर्चीत बसवलं, टोपी घातली, मंगला शेजारी उभी राहिली, अन् मी छातीशी धरून वरून खाली बघितलं. त्याच्यात सगळं डाव्याचं उजवं दिसतं. नाना दुसऱ्याच बाजूले मान टाकून बसलेले दिसले. मी बटन दाबलं. मग बायांनी माझं कुंकू पुसलं.

दहाव्याले धुळ्याची मान्सं आली, त्यात ज्योती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. आता दोघींची कपाळं सारखी. सगळे जेवायले बसले तर ती माझ्याजवळ येऊन टेकली, म्हने, अक्का, माझ्या पाटाचं चाललं आहे. शिरपूरकडचा मानूस, पहिली बायको गेलेली, एक लहान लेकरू. त्यांनी फोटो मांगितला आहे. तुम्ही काढून द्या. मी म्हटलं, ज्योती, माझ्याकडे दुसरा नाही ग, हाच आहे, अन् याच्यात आता नानांचा फोटो आहे. ती म्हने, मले ठाऊक आहे. म्हने, याच्या धाकानं मी एवढी वर्षं आरशात बी नीट बघितलं नाही. एकदा याच्याकडे तोंड करून बसू द्या. अन् उठता उठता म्हने, फोटोत कपाळ असं मोकळं नका ठेवू.

काढला. त्याच खुर्चीत. पुढं मी रोल धुवायले घेतला तर अंधाऱ्या खोलीतून दोन-तीनदा तशीच बाहेर आले. शेवटी धुतला. बाहेर आनून उजेडाले धरला तर एकाच पट्टीवर नाना अन् त्यांच्या लागून ती, मधे बोटभर बी जागा नाही. धूर कुठं नाही. दोन्ही लख्ख. मी खिडकीत बसले. पेन्सिलीचं काम नव्हतंच, पोरगी देखणी आहे. नवं ब्लेड मोडून टोक घेतलं, अन् तिच्या कपाळावर, फिलिमीवर, अलगद खरवडलं. ह्या हातानं आता कोनाले कुंकू लावायची सोय नाही. पन तिथं लावलं. मनापासून लावलं, तिचं भलं होवो म्हनून लावलं, अन् लावताना दुसऱ्या हातानं मनगट धरून बसले होते. मले माहीत आहे मी काय केलं ते. त्याच कॅमेऱ्यातल्या फोटोवर पुन्हा माझंच कुंकू.

फोटो शिरपूरले गेला, त्यांना पसंत पडला, वैशाखात पाट लागला. मले बोलावनं होतं, मी गेले नाही. तेव्हापासून ज्योतीची काही खबर नाही. म्हंजे सगळं ठीकच असेल, वाईट असतं तर कळलं असतं. तरी दारात सायकल थांबली, कोनी अक्का म्हनून हाक मारली, की माझ्या काळजात धस्स होतं. मघाशी तुम्ही आले तेव्हा बी झालं.

तर कॅमेरा मी देनार नाही. शोभेले सुद्धा नाही. ज्योतीचं पोर मांडीवर घेऊन ती ह्या ओट्यावर येईल, त्या दिवशी या, फुकट न्या. चहा घ्या, निवला.